रंग न चढवणारी पेटी

कोसाड, सुरत
रविवार, ता. १२ जुलै १९९८

ती. सौ. कलावहिनी यांच्या पायांवर सुपडूनं सुरतेहून, जमेल तितकं वाकून, डोकं ठेवलं आहे ते मानून घ्यावं.

(जमेल तितकं अशासाठी की पाठ धरली आहे. का धरली ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा आता काय म्हणतो? मागच्या कार्डात तुम्ही लिहिलं होतं की म्हैस बसली की उठत नाही आणि तुम्हीही बसलात की उठत नाही, त्यामुळे गोठ्यात दोघींची बरी सोबत होते. ते वाचून हसलो आणि मग गुडघ्याला चोळायच्या लिनिमेंटची बाटली आणून ठेवली. पाठवणार होतो, पण पाठ धरल्यावर अर्धी मीच वापरली. उरलेली पाठवतो. वर्षा दहावीला गेली, तिला सांगा की काका लहानपणी गणितात नापास झाला म्हणून बँडमध्ये आहे, तेव्हा तिनं अभ्यास करावा. मी इकडे खुशाल आहे. खोकला आहे, पण तो सुरतेत सगळ्यांनाच असतो, त्याला कुणी दुखणं म्हणत नाही.

भाऊंना नमस्कार सांगायचा की नाही यावर मी अर्धा तास पेन तोंडात धरून बसलो होतो. सांगा. (ते ‘हं’ म्हणाले तर कळवा. नुसती मान फिरवली तर कळवू नका.) वहिनी, चार वर्षं झाली. कानबाईच्या रविवारी मी देवीच्या रोटाच्या पाच पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातल्या आणि दोंडाईच्याहून गाडीत बसलो. रोट घराचा उंबरा ओलांडत नाही, भाऊबंदांशिवाय कुणाच्या तोंडात जात नाही, हे मला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रम होता, बँडची मंडळी चहा-बिस्किटांवर होती, आणि मला वाटलं, सुरतेत माझी भाऊबंदकी म्हणजे हीच पाच माणसं. हे मी त्याच वेळी भाऊंना सांगितलं असतं तर त्यांनी दोन थपडा देऊन विषय मिटवला असता. मी गप्प बसलो. आणि पंधरा दिवसांनी भाऊ साड्या घ्यायला सुरतेला आले, तेव्हा आमचा बँडमालक भूपेंद्र (सुरती माणूस, मनात काही ठेवत नाही, विशेषतः खाण्याबद्दल) त्यांच्या पाया पडून म्हणाला की तुमच्या घरची पुरणपोळी अशी होती, की मी घरी तिची तारीफ केली म्हणून माझी बायको अजून मला टोमणे मारते. भाऊंनी साड्या तिथंच ठेवल्या. पुढचं तुम्हाला माहीत आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं रोटात सव्वा मूठ गहू पडतो, तो माझ्या नावानं पडणार नाही असं त्यांनी सांगितलं. तीन कानबाया माझ्या मुठीशिवाय झाल्या. आधीची दोन पोरं गेली म्हणून आईनं मला सुपड्यात घालून देवीसमोर ठेवलं, शेजारणीकडून मूठभर दाण्यांना परत विकत घेतलं आणि नाव सुपडू ठेवलं. त्या माणसाला घरच्या मोजणीतून काढलं, हे मला लागलं आहे. (हा परिच्छेद भाऊंना वाचून दाखवताना गाळा.)

असो. हे पत्र त्यासाठी नाही. हे पत्र पेटीबद्दल आहे.

तुम्हाला माझं वाद्य माहीत नाही. एकदा फोटो पाठवला होता, त्यावर तुम्ही विचारलं होतं की हा तंबोरा आडवा का धरला आहे. त्याला बास गिटार म्हणतात. चार जाड तारा असतात. गाणारा गातो, भूपेंद्र कीबोर्डवर बोटं नाचवतो, लोक त्यांच्याकडे बघतात, आणि मी मागे उभा राहून खालचा जाड सूर देत असतो. हा सूर कानाला वेगळा असा कळत नाही, नुसता पोटात कळतो. वाद्याला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. तो विजेच्या पेटीतून मोठा करून घ्यावा लागतो, तिला अँप्लिफायर म्हणतात. माझी जुनी पेटी इथल्या पर्वत पाटिया भागातल्या उखा रेडिओवाल्यानं बनवली होती. मोडके रेडिओ, प्लायवूड आणि त्याच्या मेव्हण्याच्या टेम्पोतला स्पीकर असं तिचं कुळ. त्या पेटीचा एक मोठा गुण होता, की आत काहीही घाला, बाहेर ‘ढम्म’च यायचं. मी बरोबर वाजवलं की ढम्म, चुकलो की ढम्म, शिंकताना हात तारेवर पडला तरी ढम्मच. आवाज मात्र भरदार, गुबगुबीत, साजूक तुपात घोळल्यासारखा. लोक म्हणायचे, तुमचा बासवाला तयारीचा आहे. सहा वर्षं मी तीन सुरांवर काढली, वहिनी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते खोटं नाही.

यंदा मार्चमध्ये ती पेटी एका हळदीत धूर सोडून गेली. नेमकं त्याच सुमारास हजीऱ्याला एका कारखान्यातले इंजिनिअर साहेब गोव्याला कायमचे परत निघाले होते. ते तिकडे चर्चमध्ये बास वाजवायचे. त्यांनी आपली परदेशी पेटी भूपेंद्रला देऊन टाकली. ती आणायला आम्ही दोघं गेलो. पेटी दिसायला लहान आणि वजनाला गाभण म्हशीइतकी. रिक्षावाल्यानं पेटी आत घेतली आणि भूपेंद्रला आत घेतलं, मग रिक्षा पुढून उचलायला लागली, म्हणून मला पुढे त्याच्या सीटच्या काठावर बसवलं. हजीरा ते कोसाड एका मांडीवर. पाठ तिथंच धरली, ती अजून सुटलेली नाही.

पेटी उचलण्याआधी साहेबांनी मला खुर्चीवर बसवलं आणि एक गोष्ट समजावून सांगितली. ते म्हणाले की या पेटीचा टोन ट्रान्स्परन्ट आहे. काही पेट्या आवाजाला आपल्याकडचं काहीतरी लावतात. कुणी जाडी देते, कुणी गोडी, कुणी थोडा खरखरीतपणा, आणि ते वाईट नसतं, कित्येकांना तेच आवडतं. ही पेटी स्वतःचं काही घालत नाही आणि तुझं काही काढत नाही. लाकूड जसं आहे, तारा जशा आहेत, बोटं जशी आहेत, तसंच बाहेर येईल, फक्त मोठं होऊन येईल. मी मान हलवली. मला वाटलं, विकणारा माणूस वस्तूची तारीफ करतोच. (विकत नव्हते, फुकट देत होते, हे नंतर लक्षात आलं.)

मला ते खरं कळलं मिलमध्ये. माझं काम तुम्हाला माहीत आहे. काचेचं टेबल असतं, खाली ट्यूबलाइट, त्यावरून कापडाचा तागा ओढायचा आणि दोष दिसला की खूण करायची. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग, सगळं त्या उजेडात दिसतं. ज्या ताग्यात फार दोष, तो आमचे शेठ काळ्या किंवा गडद जांभळ्या रंगात टाकायला सांगतात. रंग चढला की गाठी दिसत नाहीत, आणि तोच तागा लग्नात मिरवतो. नवीन विणकर कधी कधी येऊन टेबलावर चिडतात, म्हणतात, तुमच्या टेबलामुळे आमच्या कापडाला भोकं पडतात. मी त्यांना हसायचो. उखाची पेटी म्हणजे काळा रंग होता, आणि ही पेटी म्हणजे ते टेबल. पहिल्या दिवशी खोलीत तार छेडली, तर मीच उठून पेटीवर ओरडलो की हिनं माझ्या वाजवण्याला भोकं पाडली.

काय काय ऐकू आलं ते सांगतो. पहिलं, तारांवरून बोटं सरकताना ‘च्यूं’ असा आवाज, जणू गिटारीत चिचुंद्री पाळली आहे. दुसरं, आईनं दिलेली चांदीची अंगठी दर ठोक्याला तारेवर टक्कन वाजते. तिसरं, तारा सहा वर्षांच्या, त्यांचा आवाज ओल्या दोरीसारखा. हे सगळं सुधारता येतं. अंगठी काढून गळ्यात बांधली, तारा बदलल्या. पण चौथी गोष्ट ऐकून मी पेटी बंद केली आणि जेवलो नाही. वहिनी, मी मागे पडतो. अगदी केसभर. ढोलकीचा ठोका पडतो, मग माझा पडतो. सरावाची कॅसेट लावून दहादा तपासलं. मला सूर येत नाही म्हणून नाही. मी आधी ऐकतो की दुसऱ्यानं वाजवलं का, आणि मगच बोट टाकतो. चुकलं तर आपण एकटे चुकायला नको म्हणून. सहा वर्षं उखाच्या पेटीनं हे पोटात घातलं होतं. आता हात दाखवून अवलक्षण झालं.

भूपेंद्र आला, त्यालाही ऐकवलं. त्यानं पेटीची सगळी बटणं एकेक करून फिरवली, मग सगळी एकदम फिरवली, मागून एक चापट मारली. शेवटी तो म्हणाला, “सुपडू, आमां पेटीनो वांक नथी. आ तारो हाथ ज छे.” पेटीचा काही दोष नाही, हा तुझाच हात. मनात न ठेवणाऱ्या माणसाबरोबर राहण्याचा हा तोटा आहे. पुढच्या दोन कार्यक्रमांत त्यानं माझा आवाज इतका बारीक करून ठेवला, की एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी मला विचारलं, तुम्ही यांच्यातलेच, की फोटो काढून घ्यायला उभे आहात?

आणखी एक सांगतो, हसू नका. उखाची पेटी चालू केली की एक घूं आवाज सतत यायचा. तो दोषच. पण मिलमधून आल्यावर मी वाजवायचं नसलं तरी ती चालू ठेवायचो. रोटाच्या भांडणानंतर महिन्याभरातच सुरतेत प्लेग आला, तेव्हा आमच्या खोल्यांची अख्खी लाइन गावाकडे पळाली. आमच्या बाजूचे राघोकाका तर चुलीवरची डाळ तशीच सोडून गेले. तुमचं कार्ड आलं होतं, ‘ये’ एवढंच. खाली भाऊंचं नाव नव्हतं. मी ते तीनदा उलटून पाहिलं, मागे कुठे बारीक अक्षरात असेल म्हणून. नव्हतं, म्हणून मी आलो नाही. बारा दिवस या लाइनीत मी, एक कुत्रं आणि त्या पेटीची घूं एवढेच होतो. खोलीत कुणीतरी निजलं आहे आणि श्वास घेतं आहे, असं वाटायचं. नवी पेटी चालू केली तरी गप्प असते. साहेब म्हणाले होते, हाच तिचा मोठेपणा. असेल. पण लाल दिवा लागतो, मी समोर बसतो, आणि मी काही वाजवेपर्यंत खोलीत काहीच नसतं. एकटेपणा मला नवा नाही, वहिनी, पण तो असा स्वच्छ कधी ऐकला नव्हता.

आता मे महिन्यातलं सांगतो, जे भाऊंनी तुम्हाला सांगितलं नसणार. पर्वत पाटियाला आपल्याकडच्या कापडवाल्या पाटलांच्या मुलीचं लग्न होतं, दुपारी बाराचा मुहूर्त, बँड आमचा. मी तारा लावत होतो आणि समोरून वऱ्हाडात भाऊ आले. पांढरी टोपी, तोच खांद्यावरचा टॉवेल, आणि चालताना डावा पाय थोडा ओढतात, ते नवीन आहे. (तो पाय दाखवला का कुणाला? हे मात्र त्यांना जरूर विचारा.) मी खाली बसलो. म्हणजे सरळ पेटीच्या मागे बसलो. पेटी गुडघ्याएवढी आणि मी पावणेसहा फूट, त्यामुळे लपलो असं फक्त मलाच वाटत होतं. भूपेंद्रनं पाहिलं, आणि या माणसानं काय करावं? त्यानं माझा आवाज वाढवून पूर्ण वर नेला. पोळीची भरपाई करत होता म्हणे.

तीन तास वाजवलं. एकेक बोट मांडवभर ऐकू जात होतं आणि भाऊ चौथ्या रांगेत बसून होते. एकदाही त्यांनी स्टेजकडे पाहिलं नाही. भाऊंना भजन आणि पंपाचा आवाज यांतला फरक कळत नाही, असं आपण घरात म्हणतो. पण अक्षता पडल्यावर ते उठून कीबोर्डजवळ आले आणि माझ्याकडे पाठ करून भूपेंद्रला म्हणाले, “तो जाडा आवाजवाला मांगे कसाले पडी ऱ्हायना?” जाड्या आवाजाचा तो मागे का पडतो आहे? भूपेंद्रला अहिराणी कळत नाही, तो म्हणाला, हा हा, जमीने जजो, म्हणजे जेवून जा. भाऊ पंगतीकडे गेले. वहिनी, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांनी सहा वर्षं माझी तारीफ केली, त्यात मला कुणी ऐकलेलं नव्हतं. भाऊंनी ऐकलं.

मग मी काय करायला हवं होतं? उतरून जायला हवं होतं. बँडची पंगत शेवटची असते, पण मी दोन पंगतींत ताटं वाढायला गेलो, जिलेबीचं तबक घेऊन. ठरवलं होतं की भाऊंच्या पानापाशी जायचं, ते वर बघतील, मग आपण बोलायचं. त्यांनी आधी बघावं, एवढंच माझं म्हणणं होतं. समोरच्या दोन रांगांना मी पाच-पाच जिलेब्या वाढल्या, त्यांच्या रांगेला वळलो तेव्हा ते हात धुवायला उठले होते. हात धुतात तिथं गेलो तर ते चपला घालत होते. फाटकाशी गेलो तर रिक्षा निघाली होती. तबक हातात घेऊन रस्त्यावर उभा राहिलो, आणि एका अनोळखी वरातीतल्या लोकांनी मला आपला समजून ते रिकामं केलं.

असा हा सगळा पेटीचा इतिहास आहे. माझं ठीक चाललं आहे. बँडमध्ये मान आहे, मिलमध्ये शेठ खूश आहेत, जेवण वेळेवर होतं. कुणाकडून काही अपेक्षा नाही आणि काही मागणंही नाही. वेळ मिळाला म्हणून लिहिलं, एवढंच.

तुमचा,
सुपडू

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला. त्यात मी जरा तूप लावलं आहे. बँडमध्ये मान वगैरे काही नाही. भूपेंद्र म्हणतो की उखाकडून तशीच दुसरी ढम्म पेटी बनवून घेऊ, लग्नात लोकांना गोड आवाज हवा असतो, खरा नाही. मी नको म्हटलं. त्यानं दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. मी रोज मिलमधून आल्यावर एक तास ढोलकीच्या कॅसेटबरोबर बसतो. मागे पडणं कमी झालं आहे, गेलेलं नाही. जेवण वेळेवर होतं हेही खरं नाही.

ता. क. २. मघा भाऊंना वाचून दाखवताना गाळा असं लिहिलं होतं, ते गाळू नका. सगळं वाचा. ‘हं’ म्हणाले का मान फिरवली, जे होईल ते कळवा.

ता. क. ३. वहिनी, ही तिसरी ओळ लिहिण्यासाठीच दोन रविवार गेले. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल. तुम्ही गहू काढाल तेव्हा माझ्या नावाची सव्वा मूठ घ्याल का? तुम्ही मनानं चांगल्या आहात, भाऊंची पाठ वळली की हळूच टाकाल, आणि बहुतेक तीन वर्षं टाकतही असाल. तशी नको. भाऊंसमोर, माझं नाव मोठ्यानं घेऊन घ्या. मी पोळ्या बाहेर नेल्या, ती माझी चूक होती. भुकेल्या माणसांना दिल्या, त्यात चूक नव्हती. दोन्ही त्यांना सांगा, एक सांगून दुसरं ठेवू नका. ते नाही म्हणाले, तर मला पत्रात नाही एवढंच लिहा. यंदा गहू कमी होता, त्यांचा पाय दुखत होता, असलं काही पुढे जोडू नका.

मी कानबाईच्या आदल्या शनिवारी सुटी टाकली आहे आणि गाडीचं तिकीट काढलं आहे. तुमचं नाहीचं पत्र त्याआधीच्या शुक्रवारपर्यंत आलं, तर तिकीट परत करीन. कोसाडचा पोस्टमन फार गडबड्या आहे, आमच्या लाइनीतली निम्मी पत्रं तो भलत्या दारात टाकतो. इतकी वर्षं मी त्याला शिव्या दिल्या. या वेळी त्यानं एक पत्र हरवलं, तर मी त्याला काही बोलणार नाही.